हातचं लग्न

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या दिवसांत किन्हवलीकडचा माझा एक शाळासोबती घरी आला. हातात दोन कागद होते. पहिल्यावर त्याच्या मुलीचं नाव, होणाऱ्या जावयाचं नाव, दोघांची गावं. "शायर, मंगलाष्टकं तूच लिहायची," असं म्हणून त्यानं तो कागद माझ्या खिशातच कोंबला. दुसरा कागद मात्र हळूच पुढं सरकवला. "तू बी. ए. झालेला. जरा बेरीज करून दे."

बी. ए.ला मला मराठी होतं, गणित नव्हतं. तरी बेरीज केली. मंडप, स्टेज, खुर्च्या, डीजे, आकाशातून फोटो काढणारा ड्रोन, माणशी ताट, पाण्याचे टँकर. खाली वेगळ्या शाईनं एक ओळ होती. 'ग्रामीण थीम'. तिची किंमत साध्या स्टेजपेक्षा जास्त! त्यात काय काय येणार, ते मुलीनं मोबाइलवर दाखवलं. ही मुलगी परिचारिका आहे, हुशार आहे, मला चाचा म्हणते. चित्रात सजवलेली बैलगाडी होती, मातीच्या पणत्या होत्या, मागं वारली चित्रांचा पडदा होता आणि भिंतीवर ओळीनं रंगवलेली सुपं टांगलेली होती. "चाचा, मला सगळं हातानं केलेलं, घरगुती वाटेल असं लग्न हवंय," ती म्हणाली.

तिची आजी शेजारीच तांदूळ निवडत बसली होती. तिनं चित्र पाहिलं. "सुपं टांगून ठेवायची? मग पाखडायचं कशात?"

बेरीज सांगितल्यावर सोबती बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "रस्त्याकडची अर्धा एकर काढतो." शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला, तेव्हापासून आमच्याकडे जमीन 'काढणं' हा शब्द फार सोपा झाला आहे. पूर्वी दात काढताना माणसं याहून जास्त विचार करीत.

आज मी बोलणार आहे ते या दोन कागदांबद्दल. आपल्याच गावात जे हातानं होत होतं, ते आता पैसे मोजून भाड्यानं आणायचं का? आणि पूर्वी ते हातानं का होत होतं?

शहापूर आणि मुरबाड हे तालुके मुंबईपासून फार लांब नाहीत, पण मुंबईसारखे मुळीच नाहीत. माहुलीच्या पायथ्यापासून माळशेजच्या घाटापर्यंत कुणबी, आगरी, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आणि आम्ही कोकणी मुसलमान, असे सगळे भाताच्या खाचरांभोवती राहत आलो. दिवाळीनंतर भात घरात येतो आणि तुळशीच्या लग्नानंतर माणसांची लग्नं सुरू होतात. पौषात मुरबाडजवळ म्हशाची यात्रा भरते. लोक घोंगड्या घेतात, बैलं घेतात, आणि ज्यांच्या घरी लग्न आहे ते जमेल ते सामानही तिथंच पाहून ठेवतात. लग्नाचं नियोजन हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता. नियोजन मात्र पक्कं असे, कारण ते झाडाझुडपांच्या वेळापत्रकावर चाले.

पत्रावळीचंच घ्या. पळसाला पाने तीनच, ही म्हण आपण सगळे वापरतो. पण त्या पानांना वेळ असते, हे विसरतो. पळस माघात पानं टाकतो, फाल्गुनात लाल फुलतो आणि नवी पालवी चैत्र-वैशाखात येते. ती कोवळी, लगेच फाटते. लग्न वैशाखात असेल, तर जून पानं मार्गशीर्षातच तोडून, एकावर एक रचून, वजनाखाली दाबून वाळवून ठेवावी लागतात. टाचायच्या वेळी त्यांवर पाणी शिंपडायचं, म्हणजे ती मोडत नाहीत. टाचायला बांबूच्या बारीक चोया. एका पत्रावळीला सहा-सात पानं धरली, तर चारशे पत्रावळींना अडीच-तीन हजार पानं लागतात. एका घराच्यानं हे होणार नाही. म्हणून पानं आली की पाड्यावरच्या बाया, पोरं, म्हातारे दुपारी ओटीवर बसायचे. लग्न अजून चार महिने लांब, पण त्या ओटीवर ते सुरू झालेलं असायचं.

मांडवाचंही तसंच. मुहूर्तमेढ उंबराची किंवा आंब्याची. बाकी मेढी ज्याच्या बांधावर सरळ झाड असेल त्याच्याकडून. वर आंब्या-जांभळाचे टहाळे. खाली मातीची जमीन चोपून शेणानं सारवायची. आदल्या दिवशी मांडव घालायला ज्या घरांचे पुरुष येत, त्यांच्या घरी पुढं मांडव पडला की या घरचा माणूस जायचा. शेतावरच्या सावडीसारखाच हा हिशेब. लिहून कोणी ठेवत नसे, आणि विसरतही नसे.

हळदीचा घाणा भरायचा तर पाच सुवासिनी लागत. मुसळांना आंब्याची पानं बांधायची आणि गाणं म्हणत हळद कुटायची. आमच्या कोकणी मुसलमानांच्या घरीही हळद लागते, बाया गाणी म्हणतात, मोहल्ल्यातल्या साऱ्या घरांच्या चुली त्या दिवशी एका घराच्या होतात. शेजारच्या कुणबी घरातलं जातं आमच्या लग्नाला आलेलं मी लहानपणी पाहिलं आहे. दोन माणसांनी काठीला बांधून ते आणलं होतं आणि परत नेताना माझी आई त्यावर मूठभर तांदूळ ठेवायला विसरली नव्हती.

गाण्याची गोष्ट निघाली आहे, तर जरा थांबतो. कवी माणूस आहे, एवढी सूट द्या. आगरी लग्नात धवला म्हणणारी धवलारीण असते. वारल्यांमध्ये धवलेरी असते. ती बाईच असते आणि तिच्या गाण्यावाचून लग्न लागत नाही. आता हा 'धवला' शब्द किती जुना पाहा. तेराव्या शतकात महदाइसेनं, म्हणजे महानुभाव पंथातल्या महदंबेनं, जे 'धवळे' रचले, ते लग्नाचीच गाणी. रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या लग्नाचा खेळ मांडला होता, तेव्हा तिनं कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावर हे धवळे म्हटले. तिला आपण मराठीची आद्य कवयित्री म्हणतो. म्हणजे मराठी बाईची आपल्याला माहीत असलेली पहिली कविता मांडवात जन्मली. डीजेवाल्याला हे सांगून उपयोग नाही, पण तुम्हांला सांगून ठेवतो.

आता तो वारली चित्रांचा पडदा. शहापूरला लागून वाडा आणि मोखाडा हे तालुके आहेत. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात गेले, त्याआधी आम्ही एकाच जिल्ह्यातले. वारली घरात लग्न असलं की गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पाण्यानं चौक लिहितात. लिहितात हाच शब्द. बांबूची काडी चावून तिच्या टोकाचा कुंचला करतात. चौकाच्या मधोमध पालघट देवी. हा चौक सवाशिणींनी लिहायचा. तो झाल्याशिवाय लग्न नाही. म्हणजे ती सजावट नव्हती, तो लग्नाचा भाग होता, जसा आमच्याकडे साक्षीदार. १९७० नंतरच्या काळात हे चित्र भिंतीवरून कागदावर आलं. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ते लग्नाच्या चौकाबाहेर नेलं, जगभर पोचवलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. चित्राचं भलं झालं, त्यात वाईट काही नाही. पण ज्यांच्या मांडवात एकही वारली माणूस पाहुणा म्हणून बसलेला नाही, त्यांच्या पत्रिकेवर तारपा वाजतो तेव्हा मला कसंतरीच होतं. त्या मुलीला मी म्हटलं, "पालघट मागं टांगून पुढं आइस्क्रीम खाऊ नकोस, बेटा. तुमच्या घरात भिंतीवर काय काढायचे, ते आजीला विचार." आजी म्हणाली, "आमी कुंकवाचे हात उठवायचो." मुलीचे तळहात कुंकवात बुडवून दारामागच्या भिंतीवर. मुलगी गेल्यावर ते तिथंच राहत.

पण हातचं लग्न सुंदर होतं म्हणून करा, एवढंच मला म्हणायचं असतं तर मी हे भाषण दिलं नसतं.

ठाणे जिल्ह्यात 'लग्नगडी' असा एक शब्द होता. आदिवासी तरुणाला लग्न करायचं असे, जवळ पैसा नसे. सावकार, जमीनदार कर्ज देई. ते फिटेपर्यंत त्यानं आणि त्याच्या नव्या बायकोनं जमीनदाराकडे गडी म्हणून राहायचं. कर्ज कधी फिटत नसे, कारण हिशेब जमीनदाराच्या वहीत. लग्न एका दिवसाचं, गुलामी जन्माची. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हे सगळं लिहून ठेवलं आहे. १९७० साली ते आलं आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९४५ च्या जानेवारीत आमच्या शेजारी टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन भरलं. त्यानंतर उंबरगाव-डहाणूकडच्या वारल्यांनी वेठ आणि लग्नगडीची रीत झुगारून दिली. पुढं १९७६ मध्ये देशभर वेठबिगारीविरुद्ध कायदा झाला.

शब्द गेला. गोष्ट पुरती गेली का? दिवाळीनंतर शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्या ओस पडतात. माणसं वीटभट्ट्यांवर जातात. जाण्याआधी मालकाकडून बयाणा घेतलेला असतो. कशासाठी, हे विचारा. आजारपण, घराचं छप्पर, आणि लग्न. पावसापर्यंत विटा पाडून तो फेडायचा, उरला तर पुढच्या वर्षी. आणि ज्यांना तोही नको असतो, ते बिनलग्नाचे संसार करतात. पोरं मोठी झाल्यावर जमलं तर आईबापांचं लग्न लागतं. मी अशा एका मांडवात जेवलो आहे. नवरदेवाच्या मांडीवर नातू होता.

माझ्या सोबत्याची अर्धा एकर आणि कातकऱ्याचा बयाणा यांत अंतर आहे, मान्य. पण वाट तीच आहे. जे काम पूर्वी गाव हातानं करीत होतं, ते विकत घ्यावं लागलं की पैसा लागतो. पैसा नसला की कोणाचा तरी घ्यावा लागतो. सावडीचं देणं हातानं फिटतं. तुझ्या घरी पत्रावळ्या मी टाचल्या, माझ्या घरी तू टाच. त्याला व्याज नाही. हातचं लग्न गरिबांनी शोधून काढलं ते याच्यासाठी, फोटोसाठी नाही.

आता आजीची तक्रारही सांगितली पाहिजे. ती म्हणाली, "तुमा पुरुषांना बोलाया काय जातं? माज्या नणंदेच्या लग्नात आठ दिस मी जात्यावरून उठले नाय. कंबर अजून बोलते." खरं आहे. हातचं लग्न म्हणजे पुष्कळदा फक्त बायांच्या हातचं. आणि उन्हाळ्यात पाणीही त्यांनीच आणायचं. तानसा, भातसा आमच्याच तालुक्यात, त्यांचं पाणी मुंबईला. आणि चैत्र-वैशाखात, ऐन लग्नसराईत, आमच्या कित्येक पाड्यांना टँकर. म्हणून जुनं सगळं जसंच्या तसं परत आणा, असं मी म्हणत नाही. जात्यावर दळू नका, गिरणी आहे. शगुनाचं पाच मुठी दळा, गाणं पुरतं म्हणा. सागाच्या फांद्या तोडायला जाऊ नका, त्याला वनखात्याची परवानगी लागते. आणि वैशाखात वाळल्या टहाळ्यांच्या मांडवाजवळ चूल पेटवू नका, काय होतं ते मी पाहिलं आहे.

त्या घरानं काय ठरवलं, ते सांगतो. चार संध्याकाळ ओटीवर बसून आम्ही एक यादी केली. वस्तूंची नाही, माणसांची. कोणाला काय येतं? एक मामा बांबूच्या चोया काढतात. दोन मावश्या भाकऱ्या थापतात. मुलाकडचे एक काका फळ्यावर अक्षर सुंदर काढतात, शिक्षक होते. शेजारच्या ठाकूरवाडीतल्या बाया पानं बांधतात. त्यांना मजुरी द्यायची आणि जेवायला पंगतीत बसवायचं, असं आजीनं बजावलं. मुलाला, म्हणजे नवरीच्या भावाला, डीजे हवाच होता. तो एक तास, गावाबाहेरच्या माळावर, असं ठरलं. सध्या आमच्याकडे समाजासमाजाच्या बैठकांत हळदीचा खर्च आवरण्याचे ठराव होतात. त्यांतल्या एका ठरावावर या मुलाच्या बापाचीही सही होती, म्हणून तो एक तास.

मंडप भाड्याचाच घेतला, साधा, पत्र्याचा. मुहूर्तमेढ मात्र उंबराची, बांधावरची. पत्रावळ्या घरच्या. पुरुषांनीही टाचल्या, पहिल्या पन्नास अशा झाल्या की आमटी थांबेना. त्या हळदीच्या रात्री वापरून संपवल्या. रुखवतात आजीनं गोधडी ठेवली. नवरीच्या आईचं, मावश्यांचं, आत्यांचं एकेक जुनं लुगडं मागवून त्यांच्या तुकड्यांची. कोणता तुकडा कोणाचा, हे सांगत बसलेली आजी ज्यांनी ऐकली, त्यांनी स्टेजकडं पाहिलं नाही.

पत्रिका हातानं लिहायची कल्पना माझी, आणि त्यात माझा अनुभव होता. २०११ साली माझ्या मुलीचा निकाह झाला. निकाहाला मुळात लागतं काय? दोघांचा कबूल, मेहेर आणि साक्षीदार. बाकी सारं आपण वाढवलेलं. मी पन्नास पैशांची दीडशे पोस्टकार्डं आणली आणि प्रत्येकावर ज्याला लिहायचं त्याच्यापुरत्या दोन-तीन ओळी मराठीत लिहिल्या. 'तुमच्या विहिरीचं पाणी पिऊन ही मुलगी वाढली, तुम्ही आलंच पाहिजे,' अशा. लोकांनी ती कार्डं जपून ठेवली आहेत. पण हातानं लिहिण्याचा तोटाही ऐका. तीन कार्डांवर मी तारीख एक दिवस आधीची लिहिली. तीन पाहुणे आदल्या दिवशी सकाळीच हजर. त्यांना आम्ही कांदे चिरायला बसवलं. त्यांतले एक आजही सांगतात की त्या लग्नात सगळ्यांत जास्त मजा त्यांनाच आली. तेव्हा लिहा, पण दुसऱ्याकडून तपासून घ्या.

राहिली मंगलाष्टकं. ही बहुधा शार्दूलविक्रीडितात असतात. ओळीत एकोणीस अक्षरं, बाराव्यावर यती. ऐकायला भारदस्त, लिहायला कठीण. छापील मंगलाष्टकांत गंगा, यमुना, गोदावरी येतात. मी म्हटलं, या मुलीच्या लग्नात काळू नदी का नको, माहुली का नको, आजी का नको? दोन्ही घरांत जाऊन विचारलं. दारात काय आहे, सकाळी कोण आधी उठतं, मुलगा कामावर कोणत्या गाडीनं जातो. आसनगावची लोकल वृत्तात बसता बसेना, ती सोडून दिली. दारातला आंबा बसला: 'माहेरी असते पहाट हिरवी, दारात आंबा उभा.' मोजून पाहा, एकोणीस आहेत.

मुसलमानानं लिहिलेली मंगलाष्टकं चालतील का, असं वराकडच्या एका वडीलधाऱ्यानं विचारलं. भटजींनीच उत्तर दिलं, "वृत्त चुकलं नाही ना? मग म्हणतो." मला तेवढी पावती पुरे होती. आणि ज्यांना भटजीही नको असतील, त्यांच्यासाठी वाट जोतीराव फुल्यांनी केव्हाच काढून ठेवली आहे. २५ डिसेंबर १८७३ ला पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह लागला. वधू-वरांनी एकमेकांना काय वचन द्यायचं, ते आपल्या भाषेत, सगळ्यांना कळेल असं म्हणावं, म्हणून जोतीरावांनी स्वतः मंगलाष्टकं लिहिली. आज शहरांतली मुलं आपापली वचनं लिहून वाचतात आणि ती पद्धत बाहेरून आली असं समजतात.

लग्न वैशाखात झालं. सगळं ठरल्यासारखं झालं असं नाही. दुसऱ्या पंगतीला पत्रावळ्या संपल्या आणि दुकानातून कागदी ताटल्या आणाव्या लागल्या. पाहुणे सांगितल्यापेक्षा जास्त आले. टँकर दोन आणावे लागले. डीजेचा एक तास दीड तासाचा झाला. नवरीनं निघताना दारामागच्या भिंतीवर हात उठवले, ते करताना कुंकू शालूवर सांडलं आणि तिची आई चिडली. पण रस्त्याकडची अर्धा एकर अजून त्यांचीच आहे. मागच्या पावसात तिथं भात होतं.

सोबत्यानं त्या वेळी एक वही केली. आहेराची नव्हे. कोणी काय काम केलं त्याची. कोणी मेढ दिली, कोण किती दुपारी पत्रावळ्यांना बसलं, कोणाच्या घरची पातेली आली. परवा तो पुन्हा आला तेव्हा वही काखेत होती. चोया काढणाऱ्या मामांच्या मुलाचं लग्न ठरलं आहे. "शायर, तुझ्या नावावर काही नाही इथं, तू नुसतं लिहिलंस," तो म्हणाला, "पण वैनींनी दोन दुपारी पानं टाचली होती, ते परत येईल. आता मामांकडे चारशे लागणार आहेत. तू येतोस का बसायला?"

पळसाची पानं अजून झाडावर आहेत. रविवारी जायचं ठरलं आहे.